पहिली नोकरी: पंख्याचं विमान की जेट?

पत्र थोडक्यात असं आहे. मराठवाड्यातली चोवीस वर्षांची मुलगी. कमर्शियल पायलट लायसन्स हातात येऊन चौदा महिने झाले, लॉगबुकात २०० च्या जरा वर तास, आणि तेव्हापासून नुसती वाट बघणं, परीक्षा, इंटरव्ह्यू. ट्रेनिंगसाठी वडिलांनी घर आणि चार एकर शेत तारण ठेवून कर्ज काढलंय, हप्ता सुरू झालाय. आता एकाच महिन्यात दोन छोट्या रिजनल एअरलाइन्सकडून ऑफर आलीय. पहिलीकडे एटीआर, म्हणजे पंख्याचं विमान. बेस हैदराबाद, म्हणजे रात्रीच्या बसने घरी जाता येईल. टाइप रेटिंगचा (त्या एका जातीचं विमान उडवायच्या ट्रेनिंगचा आणि परवान्याचा) खर्च कंपनी करणार पण बाँड (मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचे, असा करार) पाच वर्षांचा, आणि बॅच चार महिन्यांनी. दुसरीकडे छोटं जेट. बेस बंगळुरू, पगार थोडा जास्त, टाइप रेटिंगचा निम्मा खर्च आपला, बाँड तीन वर्षांचा, जॉइनिंग तीन आठवड्यांत. ती विचारते: "ताई, सगळे म्हणतात जेट घे, पंख्याच्या विमानावर गेलीस तर तिथेच अडकशील. बाबांना चारचौघात सांगायला पण जेट बरं वाटेल. मला तर दोन वर्षं काढून मोठ्या कंपनीत जायचंय. आई म्हणते घराजवळचं घे. दहा दिवसांत कळवायचंय, डोकं चालत नाहीये." (ओळख पटू नये म्हणून शहरं आणि काही तपशील बदललेत, कंपन्यांची नावं काढलीत.)

तर, आधी मनापासून अभिनंदन. चौदा महिने घरी बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं "मग, लागली का नोकरी?" ऐकणं काय असतं ते मला माहितीय, मी अकरा महिने ऐकलंय, आणि शेवटी शेवटी मी लग्नाकार्याला जाणंच बंद केलं होतं. त्यातून तू बाहेर आलीस, दोन दोन ऑफर घेऊन आलीस, हे साधं नाही. आणि दहा दिवस पुष्कळ आहेत, घाबरू नको.

पहिलं जेटचं बघू, कारण पत्रात तोच शब्द सगळ्यात जास्त वेळा आलाय. पंख्याचं विमान म्हणजे जुनं, मागासलेलं, एसटीसारखं, असं आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. खरं म्हणजे एटीआरच्या पंख्यामागे असतं ते गॅस टर्बाइन इंजिनच, जेटमध्ये असतं त्याच जातीचं, फक्त त्याची ताकद पंखा फिरवायला वापरतात. तासाभराच्या प्रवासाला ते जेटपेक्षा बरंच कमी इंधन खातं, आखूड धावपट्टीवर उतरतं, म्हणून लहान गावांना तेच परवडतं. इंडिगोसारख्या देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने पण २०१७ मध्ये एटीआर घ्यायला सुरुवात केली, ती काय हौस म्हणून नाही.

आणि शिकण्याच्या दृष्टीने सांगायचं तर, जेट पस्तीस हजार फुटांवर जाऊन बऱ्याचशा हवामानाच्या वरून निघून जातं. एटीआर सतरा-अठरा-वीस हजारावर असतं, म्हणजे पावसाळ्यात ढगांच्या वर नाही, ढगांच्या मध्ये. रडार बघत, वाट काढत, बर्फ साठतोय का बघत जायचं. सेक्टर, म्हणजे एकेक उड्डाण, छोटे, त्यामुळे दिवसाला चार-चार वेळा चढणं-उतरणं. काही ठिकाणी आयएलएस, म्हणजे रेडिओ सिग्नलने धावपट्टीपर्यंत आणणारी यंत्रणा, नसतं, धावपट्टी डोळ्यांनी शोधून उतरायचं. आणि हे विमान पायाने उडवावं लागतं गं. पॉवर कमी-जास्त केली की नाक एका बाजूला जातं, रडरच्या, म्हणजे शेपटीचं उभं पातं वळवणाऱ्या, पेडलवरचा पाय हलला नाही तर मागे शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला पण कळतं.

माझे पहिले दोन-तीन महिने झाले असतील, नांदेडला उतरत होतो, मे महिना, दुपारचे दोन. खाली सगळं तापलेलं, काळी रानं, गरम हवा वर येत होती आणि विमान खाली बसायलाच तयार नाही, वर उचललं जातंय, मग एकदम खाली, मग परत वर. माझे हात घामाने ओले. मी नुसती हातांनी झुंजत होते, पाय जणू कुणी बांधून ठेवलेत. शेजारी कॅप्टन शांत. हात त्यांच्या गुडघ्यांवर, कंट्रोलच्या अगदी जवळ, पण घेतलं नाही माझ्याकडून. फक्त म्हणत राहिले, "पाय. पाय. पाय." टेकलो तेव्हा जरा आपटलंच. मग प्रवासी उतरेपर्यंत आम्ही कॉकपिटमध्येच बसलो, उजवं इंजिन चालू होतं पण त्याचा पंखा ब्रेक लावून थांबवलेला, एटीआरला अशी सोय असते, लहान एअरपोर्टवर जमिनीवरून वीज देणारी गाडी नसली तरी एसी आणि वीज त्या इंजिनावर चालते, त्याला हॉटेल मोड म्हणतात. त्या घरघरीत त्यांनी मला वीस मिनिटं नुसतं पायांबद्दल सांगितलं. पुढे मी मोठ्या जेटवर गेले, तिथे तेवढं पायाचं काम नाही, पण आडवा वारा असला की आजही मला तो आवाज ऐकू येतो.

हे मी एटीआरची जाहिरात म्हणून सांगत नाहीये. जेटचं पण खरं ते खरंच आहे. वेगाची, उंचीची सवय लवकर लागते, काही कंपन्या अनुभवी पायलट घेताना जेटचे तास वेगळे मोजतात, आणि उद्या तू एटीआरची कॅप्टन होऊन एअरबसवर गेलीस तर बहुतेक वेळा परत उजव्या सीटवरून, को-पायलट म्हणूनच सुरुवात करावी लागते. हे माहीत असू दे. पण छोट्या जेटचं रेटिंग घेऊन तुला एअरबसवर बसता येणार नाहीये, तिथे पण नवीन टाइप रेटिंग, नवीन सिम्युलेटर, नवीन परीक्षा. म्हणजे पुढे जाताना दोन्हीकडून एक पायरी चढायचीच आहे. "अडकशील" म्हणणाऱ्यांना एवढंच विचार की तुम्ही ओळखता त्यातले किती जण एटीआरवरून पुढे गेले. माझ्या बॅचमधले निम्म्याहून जास्त आज मोठ्या विमानांवर आहेत.

आता ज्या गोष्टीचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही, ती माझ्या मते सगळ्यात मोठी. तू जॉइनिंगची तारीख लिहिलीस, तीन आठवडे आणि चार महिने. पण जॉइन झालीस म्हणजे उडायला लागलीस असं नसतं. आधी ग्राउंड स्कूल, मग टाइप रेटिंगचे वर्ग, मग सिम्युलेटर (आम्ही सिम म्हणतो), मग रिकाम्या विमानात खरे टेकऑफ-लँडिंग, मग लायसन्सवर रेटिंग चढवायला डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे, कागद, मग इन्स्ट्रक्टर कॅप्टनबरोबर प्रवासी घेऊन लाइन ट्रेनिंग, मग चेक, आणि तेव्हा कुठे लाइन रिलीज, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय नेहमीच्या फ्लाइटवर को-पायलट म्हणून बसायची मोकळीक. यातली एकेक पायरी लटकू शकते. सिमचा स्लॉट मिळत नाही, रिकामं विमान ट्रेनिंगला सोडायला कंपनीकडे विमानच नाही, इन्स्ट्रक्टर तीनच आहेत आणि त्यातला एक नोकरी सोडून गेला. मोठ्या कंपनीत हे सावरून जातं, छोट्या कंपनीत दोन माणसं गेली की सगळी बॅच थांबते.

मी एका कंपनीत (नाव नाही सांगत) जॉइन झाले आणि पहिले सात महिने ऑफिसात बसून मॅन्युअलची सुधारलेली पानं बदलत होते, जुनं पान काढा, नवं लावा, सही करा. घरी सगळ्यांना वाटत होतं मी विमान उडवतेय. माझी मैत्रीण माझ्यानंतर तीन महिन्यांनी दुसरीकडे लागली आणि माझ्या आधी रिलीज झाली. तुला तर आधीच चौदा महिन्यांचा खंड पडलाय. हात विसरतात, मान्य करायला जड जातं पण विसरतात. म्हणून दोन्ही कंपन्यांना, आणि त्याहून जास्त तिथल्या ज्युनिअर को-पायलटना, एकच प्रश्न विचार: मागच्या बॅचमधला शेवटचा माणूस जॉइन झाल्यापासून किती दिवसांनी रिलीज झाला? पहिला नाही, शेवटचा. पहिला कसाही होतो, कुणीतरी हुशार असतो किंवा नशीबवान असतो. शेवटच्याचं उत्तर कंपनीचं खरं उत्तर असतं. आणि दुसरा प्रश्न, गेल्या महिन्यात तू किती तास उडालास? कुणी पासष्ट सांगितले तर छान. कुणी वीस-बावीस म्हणालं आणि मग आवाज खाली गेला, तर समजून घे.

कंपनी टिकेल का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं. आपल्या देशात या धंद्यात कंपन्या बंद पडायची सवयच आहे. किंगफिशर २०१२ ला थांबली, एअर कोस्टा २०१७ ला, जेट एअरवेज एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला. नांदेड, जळगाव, कोल्हापूरला एटीआर घेऊन येणारी ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली, तुमच्या भागातल्या लोकांना आठवत असेल. त्यात लहान होत्या तशा मोठ्या पण होत्या, त्यामुळे "मोठी म्हणजे सेफ" हे पण डोक्यातून काढून टाक. रिजनल कंपन्यांचं एक वेगळं असतं, त्यांचे बरेच रूट लहान शहरं विमानाने जोडायच्या सरकारी उडान योजनेवर चालतात. ही योजना २०१६ मध्ये आली, पहिली फ्लाइट २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली. सरकार स्वस्त दराने विकायच्या खुर्च्यांवरचा तोटा भरून काढायला पैसे देतं, पण एका रूटला साधारण तीन वर्षं. तीन वर्षांनी तो रूट स्वतःच्या पायावर उभा राहिला तर राहिला, नाहीतर बंद. म्हणून कंपनीचे किती रूट अनुदानावर आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते हे शोध. इंटरव्ह्यूत विचारलंस तरी चालेल, कुणी रागावत नाही, उलट मुलीने अभ्यास केलाय असं वाटतं.

अजून दोन गोष्टी घरबसल्या होतील. मोबाईलवर फ्लाइटरडार उघड, कंपनीची विमानं व्हीटी ने सुरू होणाऱ्या नंबरांनी दिसतात, सगळे नंबर एका वहीत लिही आणि आठ दिवस रोज बघ कुठलं उडतंय आणि कुठलं हललेलंच नाही. वेबसाइटवर सहा विमानांचा फोटो असतो आणि उडत असतात तीन, असं होतं. विमान देखभालीसाठी काही दिवस उभं असणं नॉर्मल आहे, पण आठ दिवसांत निम्मी हललीच नाहीत तर तुझ्या वाट्याला तास कुठून येणार? दुसरं, डीजीसीए दर महिन्याला देशातल्या प्रवासी वाहतुकीचा रिपोर्ट काढते, त्यात कंपनीवार किती टक्के फ्लाइट रद्द झाल्या आणि विमानं किती भरून गेली ते असतं. मागचे सहा महिने काढ. एका महिन्याचं काही सांगता येत नाही, सहा महिन्यांत चित्र दिसतं.

माझी एक कंपनी माझ्या डोळ्यांसमोर बंद पडली. एका दिवसात नाही पडत ती. आधी पगार दहा तारखेला, मग वीस तारखेला, मग अर्धा. मग रोस्टर. आमचं रोस्टर मेलवर यायचं, आधी आठवड्यात पाच दिवस फ्लाइट, मग तीन, मग एका आठवड्यात सातच्या सात दिवस स्टँडबाय (बोलावलं तर जायचं, नाहीतर नुसतं थांबायचं), आणि पुढच्या आठवड्यात मेलच आला नाही. मी रात्री साडेअकरापर्यंत रिफ्रेश करत बसले होते. त्यातले तीन महिन्यांचे पगार आजपर्यंत मिळाले नाहीत. पण मला चार महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली ती एवढ्याचसाठी की तोपर्यंत माझे एकोणीसशे तास झाले होते आणि एटीपीएल, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणारं वरचं लायसन्स, हातात होतं, त्याला कमीत कमी १५०० तास लागतात. माझ्याबरोबरचा एक मुलगा, माझ्याहून हुशार, तो तिथे तीनशे तासांवर होता. त्याला दोन वर्षं लागली. म्हणून मी परत परत तासांवर येते. कंपनी बुडाली तरी ते तास तुझेच, विमानाला पंखा असो नाहीतर नसो.

तुझं ते "दोन वर्षं काढून" वालं वाक्य. ऑफर लेटर परत काढून बघ. एकीकडे बाँड पाच, एकीकडे तीन. दोन वर्षांचा रस्ता दोन्हीकडे नाहीच आहे, म्हणजे आहे, पण लाखांमध्ये पैसे भरून. त्यात नोटीस वेगळी. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष नोटीस द्यावी लागते. आणि "कोर्टात बाँड टिकत नाहीत, सही करून टाक" असं सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. ऐकू नको त्याचं. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांचा बाँड आणि दोन लाखांची भरपाई योग्य ठरवली. पायलटच्या बाँडची रक्कम खूप मोठी असते, ट्रेनिंगचा खर्च कंपनीने खरंच केलाय का असे मुद्दे तिथे निघू शकतात, तो वकिलाचा विषय, पण बाँड म्हणजे नुसता कागद, असं धरून सही करायची नाही.

बाँड वाचताना मी काय बघते सांगू? वर्षं कधीपासून मोजणार, जॉइनिंगपासून की लाइन रिलीजपासून. यात सहज आठ-दहा महिन्यांचा फरक पडतो, म्हणजे तुझा पाच वर्षांचा बाँड सहाचा होऊ शकतो. दरवर्षी रक्कम कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते. कंपनीनेच काढलं, किंवा कंपनी पगार देऊ शकली नाही, किंवा तुझं मेडिकल गेलं, म्हणजे तब्येतीच्या तपासणीत उडायला अपात्र ठरलीस, तर काय. शेवटचं तर सगळे विसरतात, चोवीसाव्या वर्षी मेडिकल जाईल असं कुणाला वाटत नाही. आणि कोरे चेक मागतात का. तारीख घातलेला, रक्कम घातलेला चेक एक वेळ ठीक, कोऱ्या चेकवर सही करायची नाही, बाबांची तर अजिबात घ्यायची नाही. गावातल्या वकिलाला हजार-दोन हजार देऊन एकदा वाचून घे, साठ लाखांच्या शिक्षणापुढे ते काहीच नाही.

आईचं घराजवळचं. आईला वाटणारच, चुकीचं काही नाही त्यात. पण दोन्ही लेटरमध्ये कुठेतरी एक ओळ असेल की कंपनी गरजेप्रमाणे बेस बदलू शकते. असतेच. मी एकदा घराजवळचा बेस म्हणून कमी पगार घेतला आणि तिसऱ्याच महिन्यात "तात्पुरतं" म्हणून दुसऱ्या टोकाला पाठवलं, ते तात्पुरतं सात महिने चाललं. आणि समजा हैदराबादच राहिला बेस. १ जुलै २०२५ पासून आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झालीय, फार चांगला बदल आहे. पण ती विश्रांती म्हणजे झोपायला दिलेला वेळ आहे. जायला सात-आठ तास बस, यायला तेवढेच, मध्ये एक दिवस घरी, आणि त्यात पण सगळे भेटायला येणार. रात्रभर बसमध्ये हलत येऊन सकाळी सहाच्या फ्लाइटला बसायचं असं कधी करू नकोस, एकदा पण नाही, कुणी बघत नसलं तरी नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा घरी जाणं होईल, ते बंगळुरूहून पण जमतं, जरा जास्त हाल होतील एवढंच. थोडक्यात बेसला थोडे मार्क दे, पण त्याच्यावर निर्णय नको. बेसबद्दल विचारायचंच असेल तर हे विचार की पहाटे तीनला घ्यायला गाडी येते का आणि लेओव्हरला, म्हणजे बाहेरगावी मुक्काम पडला की, हॉटेल कुठलं असतं.

आता पैसे, कारण खरं ओझं ते आहे आणि तू ते एका ओळीत उरकलंस. लेटरमधला पगार बहुतेक लाइन रिलीजनंतरचा असतो, तोपर्यंत स्टायपेंड, कधी कधी तो पण नाही. पगारातला ठरलेला भाग किती आणि उडालेल्या तासांवर किती, कमीत कमी किती तासांची हमी, हे विचार. हमी नसेल तर विमान उभं राहिलं की तुझा पगार पण उभा राहतो. जेटवाल्यांचा पगार जास्त दिसतोय पण तिथे टाइप रेटिंगचा निम्मा खर्च तुझा, म्हणजे अजून कर्ज. बाबांकडे अजून तारण ठेवायला काय उरलंय? हा प्रश्न मी मुद्दाम सरळ विचारतेय कारण तू तो घरी विचारला नसशील. त्या वाढीव कर्जाचा हप्ता धरून दोन्ही पगार परत मांड, मला वाटतं जास्तवाला पगार जास्त उरणार नाही. आणि बँकेत आत्ताच जा, हप्ता चुकायच्या आधी, ऑफर लेटरची झेरॉक्स घेऊन, आणि रिलीज होईपर्यंत हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळेल का विचार. हप्ता चुकल्यावर गेलीस तर तोच मॅनेजर वेगळं बोलतो.

बाबांना चारचौघात सांगायचंय, हे वाचून मला जरा भरून आलं. माझे वडील पहिल्यांदा माझ्या विमानात बसले तेव्हा एटीआरच होतं. चढायचं दार मागे असतं, ते मागच्या शिडीने चढले आणि सीटवर जायच्या आधी एअरहोस्टेसला म्हणाले, "पुढे माझी मुलगी आहे." तिने मला इंटरकॉमवर सांगितलं. पंखा आहे की जेट आहे हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. मला नाही वाटत तुझ्या बाबांना पण तो शब्द हवाय. तुला एकदा विचारून बघता येईल, नाक्यावरच्या लोकांना काय सांगायचं ते सोडून, शेताचे कागद कधी सुटतील हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटतंय का. माझा अंदाज आहे की तसंच असेल, पण विचार.

माझा कल विचारशील तर, आत्ता समोर आहे त्यावरून, एटीआर. नवीन कर्ज नाही, चढ-उतार भरपूर, पाया पक्का होतो. पाच वर्षांचा बाँड लांब आहे हे मान्य, पण नियमित उडालीस तर दोन-अडीच वर्षांत १५०० तास होतात, आणि बाँड संपायच्या आत तू डाव्या सीटवर असू शकतेस, अठ्ठावीस-एकोणतीसची कॅप्टन. त्यासाठी कंपनीत कमांड कुणाला आणि किती वर्षांनी मिळतेय ते मात्र तिथल्या लोकांना विचारून घे. पण हा कल बदलू शकतो. जेटवाल्यांनी सिम्युलेटरची तारीख लेखी दिली, पुढच्या दोन महिन्यांतली दिली, आणि त्यांचा शेवटचा माणूस सहा महिन्यांत रिलीज झालेला असेल, आणि एटीआरवाल्यांचा दीड वर्ष बसलेला असेल, तर डोळे झाकून जेटकडे जा आणि वाढीव कर्जाचं बघू काहीतरी. विमान कुठलं यापेक्षा कॉकपिटमध्ये कधी बसवतात आणि किती बसवतात, मी त्याच्यावर ठरवलं असतं.

दोघांना हो म्हणून ठेवायचं आणि शेवटच्या दिवशी एकाकडे जायचंच नाही, असं काही मुलं करतात. करू नको. हे जग फार लहान आहे, आज इथे चीफ पायलट असलेला माणूस तीन वर्षांनी तू जाशील तिथे इंटरव्ह्यूला समोर बसलेला असतो. नाही म्हणायचं असेल त्यांना फोन करून नाही म्हण, आभार मान. आणि हे बाकीच्या वाचणाऱ्या मुलामुलींसाठी पण, ज्यांना अजून ऑफर नाही: "सीट पक्की करून देतो" म्हणत मध्ये पैसे मागणारा कुणी भेटला तर एक रुपया देऊ नका, कंपनीतल्या माणसाचं नाव सांगितलं तरी नाही. कंपनीच्या स्वतःच्या खात्यात, पावती घेऊन, लेटरमध्ये लिहिलेले पैसे, तेवढेच.

आज संध्याकाळी दोन मेल टाक, एकेका कंपनीच्या एचआरला, चार-पाच ओळींचा, नम्रपणे. आभार, मी जॉइन व्हायला उत्सुक आहे, आणि कळवण्याआधी एवढं समजलं तर बरं होईल: सिमची अंदाजे तारीख, बाँड कुठल्या दिवसापासून मोजणार, ट्रेनिंगमध्ये स्टायपेंड किती, तासांची हमी किती. रुटचं, बेसचं आत्ता नको, एकदम जास्त प्रश्न गेले की उत्तर येत नाही. चार दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन कर. तोवर वहीत विमानांचे नंबर लिहायला घे आणि दोन्हीकडचे किमान दोन-दोन को-पायलट शोध, तुझ्या फ्लाइंग स्कूलच्या सीनिअर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नक्की कुणीतरी सापडेल. मेलची उत्तरं आली की मला पण पुढे पाठव, बाँडच्या पानांचे फोटो काढून पाठवलेस तरी चालेल, मी वाचते, रविवारी मी घरीच असते.